खोली सोडली, डिपॉझिट राहिलं: चिरनेरमधले अनुभवाचे बोल

उरण तालुक्यातलं आमचं चिरनेर बाहेरच्यांना दोन गोष्टींमुळे ठाऊक असतं. १९३० चा जंगल सत्याग्रह आणि महागणपतीचं देऊळ. पोट भरायला या भागात येणाऱ्या माणसाला मात्र गावाची ओळख वेगळी सांगतात: तिथे परवडणारी खोली मिळते. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. मागोमाग दिघोडे, खोपटे, कोप्रोली या पट्ट्यात कंटेनर यार्ड आणि गोदामं उभी राहिली. क्रेन चालवणारे, ट्रेलरचे ड्रायव्हर, गोदामात पॅकिंग करणाऱ्या बाया, सिक्युरिटीवाले अशी माणसं मराठवाड्यातून, खानदेशातून, बिहार-ओडिशातून आली. ती आमच्या वाड्यांमागच्या चाळींत राहतात आणि काम बदललं की निघून जातात. निघताना डिपॉझिटचा प्रश्न येतो.

माझी सगळी नोकरी पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात गेली. निवृत्तीनंतर शेजारपाजारचे लोक अर्ज लिहून घ्यायला येऊ लागले. त्यात निम्म्याहून जास्त अर्ज एकाच तक्रारीचे निघाले: खोली सोडली, पैसे मिळाले नाहीत. वीस हजार ही रक्कम मोठ्या शहरातल्या माणसाला किरकोळ वाटेल. बारा तासांच्या पाळीत काम करणाऱ्याला ती पुढच्या खोलीची चावी असते. हे पैसे अडकले की तो नवं डिपॉझिट भरायला व्याजाने पैसे काढतो, आणि ते व्याज फेडण्यात त्याचं वर्ष जातं. म्हणून मी या कामात पडले. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते.

१. पैसे बहुधा खर्च झालेले असतात

भाडेकरू माझ्याकडे येतो तेव्हा त्याची खात्री असते की मालक लबाड आहे. काही असतात. पण मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत मालकाकडे द्यायला पैसेच नव्हते. असं का होतं, ते समजून घेतल्याशिवाय पैसे निघत नाहीत.

आमच्या तालुक्याची शेती बंदरासाठी आणि सिडकोसाठी गेली. जमिनीच्या भावासाठी लढताना जानेवारी १९८४ मध्ये जासई-पागोट्याकडे पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना आली. पण हातात आलेला पैसा घरटी वाटला गेला, शेत गेलेलं, नोकरी एखाद्यालाच. मग लोकांनी घरामागे चार खोल्या काढल्या आणि भाडं हीच त्यांची पेन्शन झाली. अशा घरात डिपॉझिट येतं तेव्हा ते वेगळं ठेवलं जात नाही. ते स्लॅबमध्ये जातं, हळदीच्या मांडवात जातं, पनवेलच्या दवाखान्यात जातं. भाडेकरू खोली सोडतो तेव्हा मालकीणबाई खरंच कळवळून म्हणते, "पैशे स्लॅबला लागले गो, आता कुठशी आनू?"

तिची अडचण खरी आहे. पण तो पैसा तिचा नव्हता, हेही तितकंच खरं आहे. मी दोन्ही गोष्टी तिला सांगते, आणि "कधी देणार" याआधी "किती देणं आहे" हे लिहून घेते. "अमुक खोलीचे वीस हजार डिपॉझिट आमच्याकडे जमा आहे, लाइटबिल वजा जाता एवढे देणं आहे," एवढं एक वाक्य, खाली तारीख आणि सही. आकडा एकदा मान्य झाला की वाद फक्त मुदतीचा उरतो. ही कबुली कायद्यातही उपयोगाची आहे. पैशांच्या वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, आणि त्या मुदतीच्या आत देणेकऱ्याने लेखी कबुली दिली तर तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात.

मग हप्ते. खोलीत नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून जुन्याचे द्यायचे, हा गावातला रिवाज आहे. मला तो आवडत नाही, कारण खोली रिकामी राहिली तर जुना लटकतो. म्हणून मी कागदावर दोन्ही लिहून घेते: नवा भाडेकरू येईल त्या दिवशी, आणि न आल्यास अमुक तारखेपर्यंत.

२. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

शंभर किंवा पाचशेचा स्टॅम्पपेपर, अकरा महिन्यांचा करार, नोटरीचा शिक्का. बहुतेकांच्या हातात एवढंच असतं, आणि तेही झेरॉक्स. "अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही" ही समजूत इतकी घट्ट बसली आहे की शिकलेली माणसंही ती मला ऐकवतात. महाराष्ट्रात ती चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा लिहिलेली आहे.

खर्चाचा बाऊ केला जातो म्हणून हिशेबच मांडते. धरा, भाडं महिना सहा हजार, मुदत अकरा महिने, डिपॉझिट वीस हजार. एकूण भाडं झालं ६६,०००. परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून ढोबळमानाने दोन हजार मिळवायचे. झाले ६८,०००. मुद्रांक शुल्क यावर पाव टक्का, म्हणजे साधारण १७० रुपये. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५०० रुपये, शहरी हद्दीत १,०००. आधार आणि अंगठ्यावर हे काम ऑनलाइन होतं. एजंट त्याचे दोन-तीन हजार सांगतो तो भाग निराळा. तरीही खर्च दोघांत वाटून घेतला तर कुणालाच जड जात नाही.

करारात डिपॉझिटचं कलम नेहमी एका ओळीचं असतं: "मुदत संपल्यावर परत करण्यात येईल." ही ओळ पुरत नाही. किती दिवसांत परत, कोणत्या खात्यात, कशाकशाची कपात होऊ शकते, उशीर झाला तर व्याज किती, आणि मुदतीआधी खोली सोडली तर काय, हे लिहून घ्या. शेवटच्या बाबीवरून सर्वांत जास्त भांडणं होतात. यार्डाचं कंत्राट संपलं की कामगाराला दहा दिवसांत हलावं लागतं आणि मालक लॉक-इनच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी खोली न सोडण्याच्या, कलमावर बोट ठेवतो. सही करण्यापूर्वी ते कलम कुणाकडून तरी वाचून घ्या.

डिपॉझिट किती घ्यावं यावर आपल्या राज्यात मर्यादा नाही. केंद्राच्या मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सांगितली आहे. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यामुळे "कायद्याने दोनच महिने" असं सांगत मालकाशी भांडायला जाऊ नका. घासाघीस करा, जमली तर ती खोली घ्या.

३. कागद नाही म्हणून पैसे सोडून देऊ नका

"मॅडम, अॅग्रीमेंटच नाही, आता काय होणार?" हे मी सारखं ऐकते. बरंच काही होऊ शकतं. कलम ५५ मध्येच पुढे म्हटलं आहे की नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, मालकाने ते खोटं पाडेपर्यंत. कायद्याने इथे पारडं मुद्दाम भाडेकरूकडे झुकवलं आहे, कारण कागद न करण्याचा दोष मालकाचा. ही तरतूद मालकाला शांतपणे समजावून सांगितली की पुष्कळदा तिथेच काम होतं.

पण म्हणणं मांडायला काहीतरी हाताशी लागतं. गोदामात काम करणारी एक बाई आली होती. नवरा वारलेला, दोन मुलं. डिपॉझिट रोख दिलेलं, पावती नाही. आम्ही तिच्या मोबाइलमध्ये बसून शोधलं. खोली घेतली त्या दिवशी तिने भावाकडून पंधरा हजार मागवले होते, त्याची बँकेची नोंद सापडली. त्याच संध्याकाळी तिने एटीएममधून तेवढेच काढले होते. आणि वर्षभराने मालकाने पाठवलेला व्हॉट्सअॅप होता: "भाडं उशिरा दिलं तर डिपॉझिटमधून कापीन." डिपॉझिट घेतल्याचा याहून चांगला पुरावा कोणता? तो मेसेज छापून समोर ठेवल्यावर मालकाने "घेतलंच नव्हतं" हे म्हणणं सोडलं, आणि महिन्याभरात तिचे पैसे आले.

तेव्हा फोन बदलला तरी जुने मेसेज पुसू नका. कोर्टात असा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देतो, पण मूळ मेसेज तुमच्याकडे हवा. यूपीआयने पैसे देताना शेरा लिहायची जागा असते, तिथे "खोलीचं डिपॉझिट" एवढं टाका. रोख दिले तर पावती मागायला लाजू नका. मिळालेल्या रकमेची पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे.

४. ज्याला पैसे दिले तो मालक आहे का?

एजंटाच्या हातात डिपॉझिट देऊ नये. त्याची दलाली त्याला द्यावी आणि डिपॉझिट मालकाच्या खात्यात भरावं. एजंट गावातून गायब झाला की मालक म्हणतो, मला मिळालंच नाही. मग दोन्ही दारं बंद होतात.

दुसरा गुंता आमच्याकडे फार आहे, तो भावाभावांचा. घर वडिलांच्या नावावर, खोल्या धाकट्याने बांधलेल्या, भाडं घेते थोरल्याची बायको. करार एकाशी, पैसे दुसऱ्याला, आणि सोडताना तिसरा म्हणतो "आमचा संबंध नाय." खोली घेण्याआधी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती दाखवायला सांगा. नमुना ८ च्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. सामाईक असेल तर जो पैसे घेतो त्याचीच सही करारावर घ्या. मालक वारला तर देणं बुडत नाही. वारसांना जी मिळकत मिळाली तिच्या मर्यादेत ते देणं लागतात. हे मी वारसांना सांगते, पण दिवसकार्य होईपर्यंत विषय काढत नाही. त्या घरात त्या दिवसांत पैशाचं बोलणं बरं दिसत नाही, आणि कामही होत नाही.

५. रंगाचे पैसे

खोलीत शिरताना आणि सोडताना फोटो काढा. भिंती, फरशी, नळ, संडासाचं दार, मीटर. शक्य तर मालकाला उभं करून व्हिडिओ काढा.

आमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो. भिंतीला ओल येते, पोपडे पडतात, दारं फुगतात. हे भाडेकरूने केलेलं नुकसान नाही. वापराने होणारी नेहमीची झीज मालकानेच सोसायची, हे तत्त्व १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासून चालत आलं आहे. तरी "रंगाचे पाच हजार" हे वाक्य प्रत्येक हिशेबात येतंच. मी विचारते: रंग कधी दिला होता? तीन वर्षांपूर्वी? मग तो भाडेकरू राहिला नसता तरी आता द्यावाच लागला असता. फुटलेलं बेसिन, तोडलेला पंखा, भिंतीला पाडलेली भोकं यांचे पैसे मात्र भाडेकरूने द्यावेत, कुरकुर न करता. मी त्याची बाजू घेते म्हणजे त्याने फोडलेल्या वस्तूचे पैसे बुडवायला मदत करत नाही. हे दोन्ही पक्षांना ठाऊक असल्यामुळे माझं बोलणं ऐकून घेतलं जातं. कपातीसाठी दुकानाचं बिल मागा. तोंडी आकडा मान्य करू नका.

६. "लाइटबिल येऊ दे"

कारण जेमतेम तीन शब्दांचं, पण त्यावर दोन-दोन महिने जातात. उपाय साधा आहे. सोडायच्या दिवशी मीटरचं रीडिंग फोटोत घ्या, मागच्या बिलापासून किती युनिट झाले ते काढा, आणि मागच्या बिलाच्या हिशेबाने अंदाजे रक्कम तिथल्या तिथे द्या किंवा वजा करू द्या. थोडी जास्तच धरा. शंभर-दोनशे रुपयांसाठी वीस हजार अडकवून ठेवायचं कारण मालकाकडे उरू नये. चार खोल्यांना एकच महावितरणचं मीटर आणि आत सबमीटर असेल तर दर काय लावणार हे खोली घेतानाच विचारून ठेवा.

७. शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं का?

चाळीत नव्या माणसाला जुने भाडेकरू पहिला सल्ला हाच देतात: शेवटचे दोन महिने भाडं देऊच नको. मला यात सरसकट चूक दिसत नाही. ज्या मालकाकडे परत द्यायला पैसे नसतात त्याच्यासाठीही ही सोय बरी. पण ती दोघांच्या लेखी संमतीने व्हायला हवी. नुसता मेसेजही चालतो: "ऑक्टोबर-नोव्हेंबरचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करावं, मला मान्य." एकतर्फी भाडं थांबवलं की कराराचा भंग तुमचा ठरतो आणि मालकाला पैसे अडवायला आयतं निमित्त मिळतं.

याहून धोक्याचा सल्ला म्हणजे "डिपॉझिट मिळेपर्यंत खोली सोडू नको." लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावरही जो जागा सोडत नाही त्याच्याकडून दुप्पट दराने भरपाई घेण्याची तरतूद १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. सहा हजारांच्या खोलीला महिन्याला बारा हजार. वीस हजारांच्या हट्टापायी दोन महिन्यांत चोवीस हजारांचं देणं अंगावर येतं. मुदत संपण्याआधी महिनाभर लेखी सूचना द्या, आणि एका हाताने किल्ली, दुसऱ्या हाताने पैसे, असा दिवस ठरवून घ्या. मालकानेही दमदाटीसाठी पाणी किंवा वीज तोडू नये. त्यालाही कायद्याने मनाई आहे.

कोरोनाच्या टाळेबंदीत हा विषय फार ताणला गेला. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला आणि थकलेल्या भाड्यासाठी कुणाला घराबाहेर न काढायला सांगितलं. पुढे ढकला म्हणजे माफ करा नव्हे, हा फरक दोन्हीकडे कुणी समजावून सांगितला नाही. भाडेकरू सामान तसंच टाकून गावी गेले, मालकांनी डिपॉझिट भाड्यात धरून टाकलं. खरा हिशेब मांडला असता तर पुष्कळांचे पैसे उरत होते. तो मांडायला समोर कुणी नव्हतं.

८. किल्ली दिल्याचा पुरावा ठेवा. शेजारणीकडे किल्ली ठेवून जाऊ नका. मालकाच्या हातात द्या, त्याला तसा मेसेज करा, जमल्यास "खोली रिकामी मिळाली" एवढं लिहून घ्या. ताबा कधी दिला हे सिद्ध झालं नाही तर पुढच्या महिन्यांचं भाडंही तुमच्या नावावर लागतं.

९. आधी घरी जायचं, मग नोटीस

मी पहिल्यांदा मालकाच्या घरी जाते. संध्याकाळी, जेवणाआधी, कागदांची पिशवी घेऊन. भाडेकरूला बरोबर नेते पण बोलू देत नाही, कारण तो इतके दिवस साठवलेलं एकदम बोलून टाकतो आणि मग पैशांचा विषय बाजूला राहून अपमानाचा सुरू होतो. मालकिणीशी बोलणं अधिक फळतं. घराचा खर्च तिलाच ठाऊक असतो आणि देणं डोक्यावर असल्याचं तिला जास्त टोचतं.

गावात मला एक गोष्ट ऐकावी लागते: "वहिनी, बाहेरच्यासाठी आपल्या माणसाशी वाकडं कशाला घेता?" मी याचं उत्तर ठाम देते. दर २५ सप्टेंबरला आपण अक्कादेवीच्या जंगल सत्याग्रहातल्या हुतात्म्यांना मानवंदना देतो. ते सगळे काही एका चिरनेरचे नव्हते. दिघोडे, खोपटे, कोप्रोली, जुई, पाणदिवे या गावांतली माणसं होती, आणि त्यांत आमच्या वाडीतला नाग्या कातकरीही होता. हक्काच्या गोष्टीसाठी उभं राहताना कोण कुठल्या गावचा हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. बंदरासाठी आपली जमीन घेताना आपल्याला हक्काचा मोबदला नाकारला म्हणून आपण रस्त्यावर उतरलो. तेच आपण आपल्या खोलीत राहणाऱ्या माणसाचे हक्काचे पैसे कसे ठेवून घेऊ? हे ऐकून काही जण गप्प बसतात, काही रागावतात. रागावलेल्यांपैकीही बऱ्याच जणांनी नंतर पैसे दिले.

दोन भेटींत जमलं नाही तर नोटीस. त्यासाठी वकील असलाच पाहिजे असं नाही, साध्या कागदावरही चालते. खोलीचा पत्ता, करार कधीचा, डिपॉझिट किती आणि कसं दिलं, ताबा कधी परत केला, कपात मान्य असेल तर किती, बाकी रक्कम किती. पंधरा दिवसांत अमुक खात्यात जमा करावी, न केल्यास नोटिशीच्या तारखेपासून व्याजासह वसुलीची कारवाई करू. शिव्याशाप नकोत, धमकी नको. व्याजाचा उल्लेख मात्र सोडू नका. करारात व्याज ठरलेलं नसलं तरी १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे लेखी मागणीच्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. नोटीस स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी पाठवा. पावती, पोच आणि नोटिशीची प्रत एकत्र टाचून ठेवा. हाच गठ्ठा पुढे सगळीकडे लागतो.

१०. चेक दिला तर तारखा पाठ करा

मालकाने पुढच्या तारखेचा चेक दिला तर तो घ्या. चेक न वटता परत आला तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागू होतं. त्याच्या मुदती कडक आहेत. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी. ती मिळाल्यापासून १५ दिवस मालकाला पैसे द्यायला. तेही गेले तर पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड. "साहेब म्हणाले पुढच्या आठवड्यात टाक" असं ऐकत बसलात की मुदत हातची जाते. तेव्हा चेक परत येताच वकील गाठा.

११. पोलीस ठाणं आणि कोर्ट

डिपॉझिट दिलं नाही एवढ्यावर पोलीस ठाण्यात गेलं तर उत्तर एकच मिळतं: हा दिवाणी मामला आहे. त्यांचं चुकत नाही. सामान बाहेर फेकलं, मारहाण झाली, धमकी दिली, खोलीला परस्पर कुलूप लावलं, तर मात्र लगेच जा.

कोर्टाच्या नावाने सगळेच घाबरतात. पण कोर्टात दावा लावण्याआधीची एक पायरी फार थोड्यांना माहीत असते. उरणच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, तिच्यावर अलिबागचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळू शकतो. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आपल्या राज्यात वर्षाला तीन लाख आहे. आमच्या खोल्यांत राहणारे बहुतेक सगळे यात कुठे ना कुठे बसतात.

समितीकडे साधा अर्ज देऊन आपलं प्रकरण दाखलपूर्व म्हणून लोकअदालतीत ठेवता येतं. कोर्ट फी लागत नाही. दोन्ही पक्षांना बोलावणं जातं. तडजोड झाली तर तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि तिच्यावर अपील नाही. मर्यादाही सांगते: समोरचा आलाच नाही किंवा कबूल झाला नाही तर लोकअदालत सक्ती करू शकत नाही, मग दावाच लावावा लागतो. तरी कोर्टाचा कागद घरी आला की गावातला मालक येतोच. ज्याने माझ्या तोंडावर दार लावलं होतं असा एक जण लोकअदालतीच्या बाकावर बसून तीन हप्ते मान्य करून गेला, आणि तिन्ही भरले.

१२. गावी परतलेल्यांचे पैसे

यांचे पैसे सर्वांत जास्त बुडतात. बालासोरला किंवा बीडला गेलेला माणूस पंधरा हजारांसाठी परत येत नाही, हे मालकाला पक्कं माहीत असतं. जाण्यापूर्वी इथल्या भरवशाच्या माणसाकडे कागदांची प्रत, खाते क्रमांक आणि आपल्या वतीने बोलायला परवानगीचं पत्र ठेवा. मोबाइल नंबर बदलू नका. ताबा दिलेली तारीख लिहून ठेवा आणि तीन वर्षांची मुदत लक्षात असू द्या. गावावरूनही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवता येते. आठ महिन्यांनी फोनवरून सांगून लिहिलेल्या नोटिशीवरही पैसे आलेले मी पाहिले आहेत.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल आली. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. आता आमच्याकडे खोल्या मागायला येणारे वाढणार, आणि डिपॉझिटचे आकडेही वाढणार. म्हणून घरमालक असलेल्या माझ्या गाववाल्यांना हात जोडून विनंती आहे: प्रत्येक खोलीचं डिपॉझिट बँकेत किंवा पतसंस्थेत वेगळ्या ठेवीत ठेवा. त्याचं व्याज खुशाल तुम्ही घ्या, मुद्दलाला हात लावू नका. आणि उरण-पनवेलच्या ग्रामपंचायतींनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. कराराचा एक सोपा मराठी नमुना आणि विधी सेवा समितीचा पत्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, आणि घरपट्टी भरायला येणाऱ्या प्रत्येक घरमालकाच्या हाती त्याची एक प्रत द्यावी.